डावी टाच

माझ्या उजव्या हाताची करंगळी सरळ होत नाही. मी शिकवते त्या शाळेतल्या मुली विचारतात, मॅडम, हे कसं झालं? मी सांगते, ब्लॉक करताना. मग त्या थोड्या आदराने माझ्याकडे बघतात आणि मी तो आदर मुकाट्याने घेऊन टाकते. करंगळी खरं तर सरावात मोडली, आमच्याच संघातल्या मुलीचा फटका अडवताना, आणि त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. मिरवावा असा एकच ब्लॉक मी आयुष्यात केला. त्याबद्दल मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

व्हॉलीबॉलमध्ये मधल्या ब्लॉकरचं काम लोकांना फारसं माहीत नसतं. टाळ्या पडतात त्या कडेवरून फटका मारणारीला. मधलीने नेटला नाक लावून उभं राहायचं आणि समोरच्या संघाच्या लिफ्टरवर नजर ठेवायची. लिफ्टर म्हणजे फटका मारणाऱ्यांना चेंडू उचलून देणारी. ती तो कोणाला देणार हे तिच्या हातातून चेंडू सुटायच्या आधी ओळखायचं, तिकडे धावायचं आणि दोन्ही हात वर करून उडी मारायची. बहुतेक वेळा ओळखायला चुकतं आणि मोकळ्या हवेत उडी मारून आपण खाली येतो. मागच्या रांगेत जायची पाळी आली की आपल्याला बाहेर काढून बचाव करणारी बुटकी मुलगी आत घेतात. म्हणजे अर्धा सामना बाहेरून बघायचा. या कामाला उंची लागते, आणि ती माझ्याकडे होती. गावात मला शेवगा म्हणायचे.

पहिली दोन वर्षं मी गडहिंग्लजच्या कॉलेजात खेळले. कॉलेजच्या मागे तांबड्या मातीचं मैदान होतं, चुन्याच्या रेघा आम्हीच मारायचो. आमची लिफ्टर माझ्याहून एका वर्षाने मागे होती. माझ्या खांद्याला लागेल एवढी उंची, तोंड मात्र दोघींचं. तिची आई घरी शिलाईचं काम करायची, तिला ती अव्वा म्हणायची, आणि मला पहिल्या दिवसापासून अक्का.

माझा एक मोठा दोष होता. मधल्या ब्लॉकरला फटकेही मारावे लागतात आणि तिच्या वाट्याला येतो तो शॉर्ट, म्हणजे लिफ्टरच्या अगदी जवळ, नेटच्या वर जेमतेम हातभर उचललेला चेंडू. तो मारायचा तर चेंडू लिफ्टरच्या हातात असतानाच आपण हवेत असावं लागतं. मी तिच्या हातांकडे बघत राहायचे, चेंडू सुटला की मग उडी, आणि तोवर चेंडू खाली यायला लागलेला. सर वैतागून म्हणायचे, तुला आमंत्रणपत्रिका पाठवायची का? सगळ्या हसायच्या. मीही हसायचे आणि घरी जाऊन रडायचे.

एका सकाळी सराव सुटल्यावर तिने मला थांबवलं.

"अक्का, तू माझ्या हाताकडं बघूच नको. पायाकडं बघ. डावी टाच उचलली की चेंडू तुझा. इचार करायचा न्हाय, थेट उडी."

आम्ही अनवाणी होतो. तिने टाच उचलून दाखवली. टाचेला तांबडी माती लागलेली होती. मी उडी मारली, आणि चेंडू माझ्या तळहातासमोर आला. इतका आयता, की मला क्षणभर कळेनाच त्याचं काय करायचं.

त्या वर्षी आमच्या शॉर्टला तालुक्यात तोड नव्हती. सरांना टाचेचं गुपित कळलं तेव्हा ते तिच्यावर ओरडले. लिफ्टरने अंगावर काही दिसू द्यायचं नसतं, एक दिवस कोणीतरी ओळखेल, म्हणाले. ती म्हणाली, "कोण बघतंय सर टाचेकडं?" त्या वर्षाच्या अखेरीस ती खूण उरलीच नव्हती, सवय झाली होती. भिंतीवर चेंडू मारतानाही माझी आठवण आली की तिची टाच वर जायची. एसटी स्टँडवर मला वडापावचा पुडा फेकतानासुद्धा जायची. मी तिला चिडवायचे आणि मला ते फार आवडायचं. माझ्या उशिरा उडी मारण्यापायी एका चांगल्या लिफ्टरला खोड लागली, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही.

मग कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या सरांनी मला खेळताना पाहिलं. त्यांच्या कॉलेजच्या मुली दरवर्षी विद्यापीठाच्या संघात असायच्या. त्या संघात एकदा निवड झाली की प्रमाणपत्र मिळतं आणि पुढे नोकरीला त्याचा उपयोग होतो, हे आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असतं. ते म्हणाले, तिसऱ्या वर्षाला इकडं ये, हॉस्टेल देतो. मला विद्यापीठाच्या संघात जायचं होतं. इतकं, की बाकी सगळं त्यामागे गेलं. तिसरं वर्ष आपण एकत्र खेळायचं असं मी आमच्या लिफ्टरला कबूल केलं होतं. मी आधी कॉलेजातून दाखला काढला, पिशवीत घातला आणि मगच तिच्या घरी सांगायला गेले.

अव्वाने चहा केला. लिफ्टर शिलाई मशीनजवळच्या चिंध्या गोळा करत बसली होती. मी सांगितलं. तिने विचारलं, "दाखला काढलास?" मी म्हटलं, काढला. ती म्हणाली, "मग इचारायला कशाला आलीस? सांगायला आलीस म्हण की." मग स्वतःच म्हणाली, "जा. तिकडं माझ्यापरीस भारी लिफ्टर मिळंल." दारापर्यंत सोडायला आली आणि हॉस्टेलला न्यायला म्हणून चटणीची पुडी दिली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

भारी लिफ्टर मिळाली, यात खोटं नाही. कोल्हापुरात तिला सेटर म्हणायचे. तिच्या अंगावरून काही म्हणजे काही वाचता यायचं नाही. चेहरा दगड, पाय जमिनीला, हात शेवटपर्यंत सारखे. चार बाजूंना चार मुली धावत असत आणि चेंडू कोणाकडे जाईल ते चेंडूलाच ठाऊक. मी पुन्हा उशिरा. जूनपासून दिवाळीच्या तोंडापर्यंत मी बाकावर बसले, पाण्याच्या बाटल्या भरल्या, सरावात दुसऱ्या संघातून उभी राहिले. नवे सर तोंडावर बोलणारे. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "उंची हाय, डोळा न्हाय. हिचा विजेचा खांब करून मैदानात उभा केला तरी चालंल." मी त्या दिवशी जेवले नाही. पण ते खोटं बोलत नव्हते.

लिफ्टर दर रविवारी फोन करायची. पहिला प्रश्न ठरलेला, "खेळवलं का?" मी म्हणायचे, "व्हय." "शॉर्ट मारलास?" "व्हय की." ती खूश व्हायची. तिच्या संघात माझ्या जागी पहिल्या वर्षाची एक मुलगी आली होती, उंच पण बावरट, आणि तिलाही ती टाचेवर शिकवत होती. "तुझ्यापरीस हुशार हाय," म्हणायची. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून हे ऐकायचे, आणि माझं पुढचं खोटं काय असावं याचा विचार करायचे.

कॉलेजांच्या विभागीय स्पर्धा त्या वर्षी वारणानगरला होत्या. गळीत हंगाम नुकताच सुरू झाला होता, मैदानावर मळीचा वास यायचा आणि उसाच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू यायचे. विद्यापीठाच्या संघाची निवड करणारी माणसं खुर्च्या टाकून बसलेली. उपांत्य सामना आमचा आणि माझ्या जुन्या कॉलेजचा पडला.

सामन्याआधी सरांनी आम्हाला झाडाखाली गोल बसवलं. समोरच्या संघाची लिफ्टर चलाख आहे, तिचा शॉर्ट अडवता आला तर सामना आपला, असं ते सांगत होते. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू गेल्या वर्षी तिच्याबरोबर खेळलीस. काय खोड हाय का तिची?"

हे मी वर्षानुवर्षं उगाळलेलं आहे, म्हणून नीट सांगते. कोणी माझा हात पिरगळला नव्हता. "तसं काही न्हाय सर" एवढं म्हणून सुटता आलं असतं. सर पुढच्या मुलीकडे वळले असते आणि मी बाकावर जाऊन बसले असते. मला तेच नको होतं. खुर्च्यांवरची ती माणसं मला दिसत होती. शिवाय आज ती मला बाकावर बसलेली बघेल आणि माझं सगळं खोटं उघडं पडेल, याचीही लाज वाटत होती. मी म्हणाले, "शॉर्ट द्यायच्या आधी डावी टाच उचलते."

 सर म्हणाले, "तूच उभी ऱ्हा. पहिल्या सहात."

मैदानावर आलो तर ती धावतच माझ्याकडे आली.

"अक्का, आज आत हायस?"

"व्हय."

"बोटं बांधली न्हाईस अजून? दे इकडं."

गडहिंग्लजला माझी बोटं तीच बांधायची. ब्लॉकर बोटांना चिकटपट्टी गुंडाळते, नाहीतर जोराच्या फटक्याने सांधे निखळतात. तिने माझ्या हातातली पट्टी घेतली, दातांनी तोडली आणि आधीसारखीच, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट एकत्र, घट्ट पण रक्त थांबणार नाही अशी बांधली. मी हात पुढे करून उभी राहिले. सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी सांगितलं नाही.

पहिल्या सेटमध्ये तिची टाच उचलली आणि मी हवेत होते. चेंडू त्या बावरट मुलीच्या हातातून सुटून माझ्या तळहातांवर आदळला आणि सरळ लिफ्टरच्या पायाशी पडला. आमच्या बाजूने आरडाओरडा झाला. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतके महिने मी नुसता खांब होते, आता चेंडू माझ्या हाताला लागत होता. पुन्हा टाच, पुन्हा ब्लॉक. आणि पुन्हा. आमच्या वेळचे सर तिथून बदलून गेले होते; त्यांच्या जागी आलेल्या सरांना वाटलं ती नवी मुलगी चुकते आहे, ते तिच्यावर ओरडू लागले. ती रडकुंडीला आली. लिफ्टर तिच्या पाठीवर हात फिरवून म्हणत होती, "तू उडी मार फक्त. चेंडू मी देतो." पहिला सेट आम्ही घेतला.

दुसऱ्या सेटच्या मध्यावर तिला कळलं. कसं कळलं ते मला दिसलं. मी आणखी एक शॉर्ट अडवला, चेंडू मैदानाबाहेर गेला, आणि तो आणायला न जाता ती आपल्या पायाकडे बघत राहिली. मग नेटमधून माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. जे बघते आहे ते खरं आहे का हे पडताळून पाहणाऱ्या माणसाची नजर असते, तशी होती. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. नाडी सुटलेली नव्हती.

त्यानंतर तिने शॉर्ट देणं बंद केलं. सगळे चेंडू कडेला, आणि टाच जमिनीला. त्यांच्या कडेच्या मुली तापल्या, तो सेट त्यांनी घेतला. पण तिसऱ्या सेटमध्ये आम्हाला कळून चुकलं की मधून काही येणार नाही. आम्ही दोघी-दोघी मिळून कडेला भिंत घालायला लागलो. शिवाय ती आता पायाचा विचार करत खेळत होती. चेंडूखाली यायला तिला पाऊलभर उशीर व्हायचा. तिचा चेंडू एरवी कधी डळमळायचा नाही, आता डळमळत होता.

आम्ही विजयापासून एका गुणावर होतो. त्यांनी आमची सर्व्हिस छान उचलली, चेंडू अलगद तिच्या डोक्यावर आला. आणि तिची डावी टाच वर गेली. सावकाश, स्पष्ट, मातीच्या मैदानावर मला पहिल्यांदा दाखवली होती तशी.

मी उडी मारली. चेंडू मधूनच आला. तो मी दोन्ही हातांनी खाली दाबला आणि सामना संपला.

नेटखालून हात मिळवताना तिने सगळ्यांशी मिळवला, माझ्याशीही. म्हणाली, "ब्लॉक चांगला झाला." मी काहीतरी पुटपुटले. पलीकडे नवी मुलगी ओंजळीत तोंड खुपसून रडत होती आणि त्यांचे सर तिला हरल्याचं कारण समजावून सांगत होते. मी पुढे होऊन म्हणू शकले असते, सर, हिचा दोष नाही. माझ्या संघाने मला उचलून घेतलं होतं. मी वरून बघितलं फक्त.

माझी विद्यापीठाच्या संघात निवड झाली. रेल्वेने लांबच्या गावी गेलो, अंगावर विद्यापीठाचा ट्रॅकसूट. तिथे समोरच्या लिफ्टर कोणाच्याही अक्कासाठी टाच उचलत नव्हत्या. मी पुन्हा मोकळ्या हवेत उड्या मारल्या आणि दुसऱ्या सामन्यापासून बाकावर बसले. कोल्हापूरच्या सरांनी नंतर जमेल तेवढं खेळवलं. एम.ए.च्या पहिल्या वर्षी करंगळी मोडली, ती वाकडी जुळली, आणि माझं खेळणं आपोआप थांबलं. कोणी फार हळहळलं नाही, मीसुद्धा नाही. प्रमाणपत्र प्लास्टिकच्या कव्हरात होतं. त्याने मला शाळेत नोकरी मिळाली.

तिचे रविवारचे फोन त्या सामन्यानंतर बंद झाले. मी एकदा केला. ती नीट बोलली, अव्वाची तब्येत सांगितली, माझी विचारली. मी टाचेचं काढलं नाही, तिनेही नाही. पुढच्या वर्षी कोणाकडून तरी कळलं की तिने लिफ्टरची जागा सोडली आणि मागच्या रांगेत बचावाला उभी राहायला लागली. मागच्या रांगेतली ती मुलगी नेटजवळ कधी येत नाही. मी ते ऐकून घेतलं आणि हातातलं काम पुढे चालू ठेवलं.

मागच्या हिवाळ्यात मी माझ्या शाळेच्या मुली घेऊन पेठ वडगावला स्पर्धेला गेले होते. आमचा सामना गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातल्या शाळेशी होता. मुली सराव करत होत्या, मी यादीवर सही करत होते, आणि मागून एक खणखणीत आवाज आला.

"टाच!"

मी वळले नाही. आवाज कोणाचा ते मला कळलं होतं. त्यांची छोटी लिफ्टर चेंडूखाली गेली की दर वेळी तो आवाज यायचा. "टाच!" आणि ती पोरगी दोन्ही पाय जमिनीला घट्ट चिकटवून चेंडू उचलायची. सामनाभर मी तिच्या पायांकडे बघत होते. काही दिसलं नाही. माझी मधली ब्लॉकर बिचारी उड्या मारून दमली. मला बाजूने ओरडून तिला काही सांगता येईना, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. आम्ही दोन सरळ सेटमध्ये हरलो.

सामना संपल्यावर ती आली. थोडी स्थूल झाली होती, गळ्यात शिट्टी. म्हणाली, "मॅडम, चहा घेणार?"

मुली आजूबाजूला होत्या म्हणून मॅडम म्हणाली असेल, असं मी स्वतःला समजावलं. गेटबाहेरच्या गाड्यावर आम्ही दोघीच उभ्या राहिलो तेव्हाही तिने मॅडमच म्हटलं.

मी म्हणाले, "माझं चुकलं. तवाच सांगायला पायजे हुतं."

"चुकलं काय त्यात?" ती म्हणाली. "तुम्हाला खेळायचं हुतं. खेळलासा."

तिने चहा फुंकून घेतला. मला पुढे बोलणं भाग होतं, कारण इतक्या वर्षांत एकच गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नव्हती.

"शेवटच्या पॉइंटला टाच का उचललीस? तोवर तुला कळलं हुतं की."

"कळलं हुतं. म्हणूनच उचलली." ती रस्त्याकडे बघत होती. उसाचा ट्रॅक्टर चालला होता, तो जाईपर्यंत थांबली. "म्हटलं, बघू तरी, अक्का उडी मारती का न्हाय."

तिच्या मुली हाका मारायला लागल्या. पुढचा सामना लागत होता. तिने रिकामा कप गाड्यावर ठेवला, माझ्या हाताकडे बघितलं, करंगळी दिसली असावी, आणि म्हणाली, "येतो मॅडम."

मी तिथेच उभी राहिले. त्या दिवशी वारणानगरला त्या शेवटच्या उडीत मी जमिनीपासून जितकी वर गेले होते, तितकी त्याआधी कधी गेले नव्हते, आणि त्यानंतरही कधी गेले नाही.